प्रकल्प नोंदी: द्राक्ष पॅकहाऊसमधली विचारणा कमी करताना

१८ सप्टेंबर

नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंतच्या बाजूला आमचं द्राक्ष निर्यातीचं पॅकहाऊस आहे. जानेवारी ते एप्रिल इथे कोणाला मान वर करायला फुरसत नसते, त्यामुळे साधनं बांधायची असतील तर ती आत्ताच. काम असं ठरलंय की ऑपरेशन्स टीमसाठी, म्हणजे बागांवर फिरणारे फील्ड ऑफिसर, गेट, काटा, पॅकिंग हॉल, कोल्ड स्टोअर, कागदपत्रं आणि डिस्पॅच या सगळ्यांसाठी, छोटी छोटी साधनं इथल्या इथे तयार करायची. बाहेरचं मोठं सॉफ्टवेअर घ्यायचं नाही हे मालकांशी बोलून पक्कं झालं. आमचा हंगाम चार महिन्यांचा. बाहेरच्या कंपनीला एक रकाना वाढवून द्या म्हणून सांगितलं आणि त्यांनी तो वाढवला, तोवर माल समुद्रात गेलेला असतो.

मागच्या हंगामातला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उतरवून घेतला आणि त्यातले फक्त प्रश्न वेगळे काढले. सुप्रभात, फोटो, डिझेलच्या पावत्या सगळं बाजूला सारल्यावर तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा दिसायला लागले. प्लॉट क्लिअर आहे का? रिपोर्ट आला का? गाडी निघाली का? किती क्रेट? हा माल कोणत्या चेंबरला लावू? आमच्याकडे प्रत्येकाचा हात आपापल्या कामात बसलेला आहे. वेळ जातो तो एकमेकांना विचारण्यात आणि उत्तर येईपर्यंत थांबण्यात. एका प्रश्नासाठी सुपरवायझर टेबल सोडून ऑफिसात येतो, तिथे कागदपत्रं बघणाऱ्या ताई फोनवर असतात, तो उभा राहतो, मागे सगळी लाइन थांबते.

म्हणून पहिला नियम लिहून भिंतीवर लावला: प्रत्येक साधन एका प्रश्नासाठी. ज्याने ग्रुपवरचा एखादा प्रश्न बंद होणार नाही ते बांधायचं नाही.

२५ सप्टेंबर

आज एका प्लॉट क्रमांकाच्या मागे मागे चाललो. फील्ड ऑफिसरच्या डायरीतून तो गेटच्या रजिस्टरला येतो, तिथून काट्याच्या पावतीवर, मग पॅकिंग शीटवर, पॅलेटच्या चिठ्ठीवर आणि शेवटी पॅकिंग लिस्टमध्ये. प्रत्येक ठिकाणी तो हाताने पुन्हा लिहिला जातो. लांबलचक क्रमांक, घाईतलं अक्षर, ओली बोटं. एका रजिस्टरात ७ आणि १ यांच्यातला फरक मलाही लावता आला नाही.

युरोपच्या मालात हा क्रमांकच सगळ्याचा कणा आहे. २००३ मध्ये कीटकनाशकांच्या अवशेषांवरून नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांना अडचण आली, त्यानंतर अवशेष तपासणीची चौकट उभी राहिली आणि २००६ पासून अपेडाचं, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेचं, ग्रेपनेट ही मालाचा माग ठेवणारी ऑनलाइन व्यवस्था सुरू झाली. बागेची नोंदणी कृषी विभागाकडे, सॅम्पल मान्यताप्राप्त लॅब घेणार, रिपोर्ट बरोबर आला तर पुढे अ‍ॅगमार्क आणि फायटो (रोगकीडमुक्त असल्याचा दाखला), आणि हे सगळं त्या प्लॉटच्या नावावर. तरीही २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अवशेषांवरून युरोपात कंटेनर अडकले आणि जिल्ह्यातल्या कितीतरी बागायतदारांचं कंबरडं मोडलं. इथली जुनी माणसं अजून त्या वर्षाबद्दल बोलताना आवाज खाली घेतात. एक क्रमांक चुकीचा लिहिला गेला तर दुसऱ्याच्या बागेचा दोष तिसऱ्याच्या माथी बसू शकतो. त्यामुळे दुसरा नियम: प्लॉट क्रमांक आयुष्यात एकदाच टाइप होणार. पुढे सगळीकडे तो निवडायचा किंवा स्कॅन करायचा.

६ ऑक्टोबर

गोड्या छाटणीची, म्हणजे फळासाठीच्या छाटणीची, धांदल सुरू आहे, फील्ड ऑफिसर दिंडोरी-निफाड-चांदवडकडेच असतात. त्यांच्यासोबत फिरून प्लॉटची मूळ यादी करतोय.

यादी करताना कळतं की बागेला क्रमांकाने कोणी ओळखत नाही. एकाच बागायतदाराचे तीन प्लॉट असतात. वरची बाग, विहिरीकडची, नाल्यापलीकडची. एका गावात एकाच आडनावाची निम्मी वस्ती. फील्ड ऑफिसर खुडणाऱ्या टोळीच्या मुकादमाला फोनवर सांगतो, “उद्या अण्णांच्या विहिरीकडच्या बागेवर.” मुकादमाला ते पुरतं, संगणकाला पुरत नाही. म्हणून यादीत ‘बोलीतलं नाव’ असा वेगळा रकाना ठेवलाय, आणि शोधायला तोच पहिला. गाव निवडा, मग विहिरीकडची म्हणून शोधा, खाली क्रमांक, वाण आणि क्षेत्र दिसतं. सोबत प्रत्येक प्लॉटच्या बांधावर उभं राहून जीपीएसचा बिंदूही घेतो. नंतर टोळीची गाडी शेजारच्या बागेत शिरली तर लगेच कळेल.

या यादीसाठी घाई करायची नाही असं ठरवलंय. बाकी सगळं तिच्यावर उभं राहणार आहे.

२१ ऑक्टोबर

कागदपत्रांच्या ताईंची एक्सेल फाइल आहे. सगळं सॉफ्टवेअरमध्ये नेल्यावर ती बंद करायची अशी वर चर्चा होती. आज दिवसभर ताईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि ती फाइल म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात चांगला आराखडा आहे असं माझं मत झालं.

ताई ओळी रंगवतात. पिवळा म्हणजे सॅम्पल घेतलं. हिरवा म्हणजे रिपोर्ट बरोबर. हे सगळ्यांना माहीत होतं. पण एक फिका गुलाबीही होता. विचारलं तेव्हा म्हणाल्या, “अहो, लॅबमधून फोनवर बरोबर आहे म्हणून सांगतात, पण कागद हातात नसतो. तोवर मी हिरवं करत नाही.” आणि जांभळा? “रिपोर्ट चांगला आहे, पण त्यानंतर बागेवर फवारणी झाल्याचं फील्डवरून कळलंय. पीएचआय मोजून मगच सोडायचं.” पीएचआय म्हणजे शेवटची फवारणी ते खुडणी यांच्यात सोडायचे दिवस.

ग्रेपनेटवर जे दिसतं आणि बागेत जे चाललेलं असतं त्यामधली जागा ताई या दोन रंगांनी सांभाळत आल्या आहेत. त्यामुळे प्लॉटच्या अवस्था मी नव्याने ठरवल्या नाहीत, त्यांच्याच ठेवल्या, रंगांसकट. फवारणीच्या नोंदीत औषध निवडलं की अ‍ॅनेक्शर ५ या औषधांच्या यादीतला पीएचआय आपोआप लागेल, मोजणी होईल आणि तेवढे दिवस प्लॉट जांभळा राहील. यादीत नसलेलं औषध असेल तर ती नोंद थेट ताईंकडे जाईल, पुढे काय करायचं ते त्या ठरवतील.

९ नोव्हेंबर

काटा. इथे अप्पा बसतात. पॅकहाऊस सुरू झालं तेव्हापासून तेच. क्रेट ठेवली, आकडा पाहिला, लिहिला, क्रेटचं वजन वजा केलं, पुढची. अप्पांचा हिशेब चुकत नाही. पण संध्याकाळी चार गाड्या एकदम लागल्या की लिहिण्यापायी काटा थांबतो आणि उन्हातून आलेला माल तसाच उभा राहतो.

काट्याच्या इंडिकेटरला मागे सिरियल पोर्ट निघाला, कोणी कधी वापरला नव्हता. एक केबल आणि छोटा संगणक जोडून आकडा थेट पडद्यावर घेतला. इंडिकेटर सेकंदाला कितीतरी वेळा आकडा पाठवत राहतो. क्रेट ठेवताना १८.२, १९.६, १९.१ असं हेलकावत मग स्थिर होतं. म्हणून लागोपाठचे काही आकडे सारखे आले तरच ते वजन धरायचं. धरलं की पडदा हिरवा होतो आणि बीप वाजतो. क्रेट उचलून काटा शून्यावर आल्याशिवाय पुढचं वजन घेतलंच जात नाही, त्यामुळे एकच क्रेट दोनदा मोजली जायची सोय नाही. रिकाम्या क्रेटचं वजन सकाळी एकदा टाकायचं, कारण धुऊन आलेल्या ओल्या क्रेटचं वजन वेगळं भरतं. हे अप्पांनीच सांगितलं.

अप्पांनी एक अट घातली: बागायतदाराला कागदाची पावती मिळालीच पाहिजे, त्याच्यासमोर. मोबाइलवर मेसेज जाईल, कोणाला कागद नको असेल, असं मी म्हणून पाहिलं. ते म्हणाले, “वर्षाचा घास आहे तो. हातात कागद असावा.” पटलं. छोटा पावती प्रिंटर बसवला, वरच्या ओळीत बागायतदाराचं नाव मोठ्या अक्षरात.

१२ नोव्हेंबर

अप्पांचं जुनं रजिस्टर काट्याच्या बाजूलाच राहणार. वीज गेली, यूपीएसही संपला, तरी काम थांबता कामा नये.

२८ नोव्हेंबर

लेबलं. पावतीसारखं साधं थर्मल लेबल कोल्ड स्टोअरच्या बाहेर छान दिसतं. आत ठेवून दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं की खोक्यावर दव धरतं, कागद फुगतो, कडेने उचलला जातो आणि बारकोड वाचला जात नाही. शाईच्या रिबनने छापायचं प्लॅस्टिकचं लेबल आणि थंडीतला गोंद, हे घेतल्यावर टिकलं. गोंद चांगला असला तरी लेबल प्रीकूलिंगच्या (माल झटपट थंड करण्याच्या) आधी, कोरड्या खोक्यावरच लावायला हवं, ही सूचना पॅकिंग हॉलच्या कामाच्या क्रमातच घातली.

आत वायफाय पोचत नाही. चेंबरच्या भिंती फोम भरलेल्या पफ पॅनेलच्या, दोन्ही बाजूंनी पत्रा. आणि हातमोजे घातलेल्या माणसाला फोनचा पडदा वापरताच येत नाही. उपाय साधा निघाला: स्कॅन अँटीरूममध्ये, म्हणजे चेंबरबाहेरच्या खोलीत, दारातच करायचा, जिथे दार उघडायला पॅलेट थांबतोच. प्रत्येक चेंबरच्या दाराला त्याचा स्वतःचा बारकोड चिकटवला. आधी पॅलेट स्कॅन, मग दार स्कॅन, झालं. पडद्याला बोट लावायचं नाही, काही निवडायचं नाही. कोल्ड स्टोअरच्या दादांनी मोजे घालून सगळा क्रम करून पाहिला आणि स्कॅनरला गळ्यात अडकवायची दोरी मागितली. तेवढीच सुधारणा.

२० डिसेंबर

सटाण्याकडच्या अर्ली, म्हणजे हंगामाआधी येणाऱ्या, मालावर सगळं एकदा खऱ्या कामात चालवून घेतलं. बागेत रेंज जाते-येते, म्हणून फील्डच्या फोनवर नोंद आधी फोनमध्येच साठते आणि रेंज आली की जाते. प्रत्येक नोंदीला तिचा क्रमांक फोनवरच मिळतो, त्यामुळे ती दोनदा पोचली तरी एकदाच धरली जाते.

निफाडकडे पारा खाली गेलाय, बागांमधून शेकोट्या पेटतात. सकाळी घडांवर दव असतं, ओला माल खुडता येत नाही, टोळ्या उशिरा सुरू होतात आणि मग गाड्या दुपारनंतर एकदम येतात. हा काही कोणाच्या ढिलाईचा प्रकार नाही, हवेचा आहे. मग गेटवर गर्दी होऊ नये म्हणून एवढंच करता येतं की कोणती गाडी कधी निघाली हे पॅकहाऊसला आधी कळावं. मुकादमाने गाडी भरली की एक बटण दाबायचं. पॅकिंग हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर ती गाडी, वाण आणि क्रेटची संख्या येते. सुपरवायझर त्याप्रमाणे टेबलं लावतो. “गाडी निघाली का?” हा प्रश्न ग्रुपवरून जवळजवळ गेला आहे.

पेठ आणि सुरगाण्याकडून येणाऱ्या टोळ्यांमधल्या काही मुकादमांना वाचायला अडचण होते. बटणावर गाडीचं चित्र आणि क्रेटचे आकडे, एवढंच ठेवलं. त्यांच्यासाठी केलेला पडदा सगळ्यांनाच बरा वाटला, म्हणून आता सगळीकडे तोच.

११ जानेवारी

हंगाम चालू झाला आणि मोठा वाद आला: प्लॉट हिरवा नसेल तर संगणकाने माल अडवायचा का?

माझं म्हणणं ठाम आहे. अडवायचा असेल तर खुडण्याआधी अडवा. झाडावरून उतरलेला घड परत लागत नाही. म्हणून टोळीला बाग नेमून देण्याच्या पडद्यावर हिरवा नसलेला प्लॉट निवडताच येत नाही. तिथे कारण दिसतं, जांभळा असेल तर उरलेले दिवस दिसतात. गेटवर मात्र संगणकाने कोणाला अडवायचं नाही. बाग रिकामी करून आलेल्या माणसाची गाडी दारात उभी करून ठेवणं अन्याय आहे. ती आत घ्यायची, वजन करायचं, पावती द्यायची, आणि माल ‘थांबलेला’ म्हणून वेगळ्या चेंबरला लावायचा. मग ताई आणि खरेदीचे साहेब बघतील. तिसरी जागा पॅकिंग लिस्ट. युरोपच्या कंटेनरच्या यादीत थांबलेल्या प्लॉटचं एकही खोकं शिरणार नाही, ते साहेबांच्या लॉगिनलाही शक्य नाही.

अर्धा दिवस चर्चा झाली. याच रचनेवर सगळे आले.

२४ जानेवारी

“प्लॉट क्लिअर आहे का?” आज ग्रुपवर एकदाही आलं नाही. ताईंनी दुपारचा डबा वेळेवर खाल्ला.

६ फेब्रुवारी

ऐन भर. दुपारी ऊन तापतंय आणि प्रीकूलिंगसमोर रांग. खुडलेल्या घडात बागेतली उष्णता असते. ती जितकी लवकर निघेल तितका देठ हिरवा राहतो. आमचं लक्ष्य मण्याच्या आतलं तापमान ४ अंशांच्या खाली, मगच शून्याच्या आसपासच्या चेंबरला. २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली, युरोपचा प्रवास आठवड्यांनी लांबला, तेव्हापासून दादा या बाबतीत आणखी कडक झालेत. इथला वाया गेलेला एक तास तिकडे खोकं उघडल्यावर दिसतो.

प्रीकूलिंगचा फलक असा केलाय: पॅकिंग पूर्ण झाल्यापासून कोणता पॅलेट किती वेळ उभा आहे, सुईने मोजलेलं तापमान किती, आणि पुढचा नंबर कोणाचा. पहिल्या आठवड्यात दादा फलकाने सुचवलेला क्रम मोडत होते. कारण विचारलं तर त्यांनी डोक्यातला हिशेब मांडला: आज रात्री भरायच्या कंटेनरचा माल आधी थंड व्हायला हवा, बंदरावरची गेटची वेळ चुकली तर जहाज जातं. न्हावाशेव्यापर्यंत कसारा घाट आहे, भिवंडीची कोंडी आहे, ते तासही धरावे लागतात. आता प्रत्येक कंटेनरची गेटची वेळ टाकली की फलक मागे मोजत येतो आणि त्या मालाला वर घेतो. दादांना क्रम बदलायची मुभा आहेच. बदलला तर एका शब्दात कारण लिहायचं. त्या कारणांची यादी मी दर रविवारी वाचतो. पुढच्या सुधारणा तिथूनच निघतात.

१९ फेब्रुवारी

वरून विचारणा झाली की लेबल स्कॅन होतातच आहेत, तर प्रत्येक बाईने दिवसात किती पनेट (द्राक्षांचे छोटे डबे) भरले हे पडद्यावर दाखवता येईल का. करता येतं, तासाभराचं काम आहे. मी नको म्हणालो आणि कारणं लेखी दिली.

घड हातात घेऊन कात्रीने खराब मणी काढणं हे नाजूक काम आहे. देठाला धरायचं, मण्याला बोट लावायचं नाही, नाहीतर मण्यावरची पांढरट झाक पुसली जाते आणि माल जुना दिसतो. डोक्यावर आकडा पळत असेल तर हात घाई करणार, कात्रीचं टोक शेजारच्या मण्याला लागणार, आणि तो मणी पेटीत सडून सगळ्या पनेटला घेऊन बसणार. शिवाय कोणाला लहान घड मिळतात, कोणाला मोठे. तुलना मुळातच खोटी ठरते. या बायका पहाटे उठून येतात, हंगामभर उभ्या राहून काम करतात. त्यांना मोजण्यासाठी साधन बांधायला मी तयार नाही.

त्याऐवजी टेबलाजवळचं रिकामं थांबणं मोजायला घेतलं: क्रेट नाही म्हणून, पनेट संपले म्हणून, खोक्यात बुरशी रोखायला ठेवायचे एसओटू पॅड आले नाहीत म्हणून किती वेळ टेबल थांबलं. टेबलाला एक बटण आहे, सामान संपत आलं की बाईच दाबते आणि स्टोअरमध्ये दिवा लागतो. मालकांनी दोन दिवस आकडे पाहिले आणि स्टोअरला आणखी एक माणूस दिला. वेग वाढला तो त्यामुळे.

८ मार्च

उलटा माग काढायची तालीम. कोल्ड स्टोअरमधून कोणतंही एक पनेट उचलायचं आणि प्लॉट, खुड्याची तारीख, फवारणीची नोंद, लॅबचा रिपोर्ट, त्याच प्लॉटची बाकीची खोकी आत्ता कुठे आहेत, हे सगळं समोर ठेवायचं. बीआरसीच्या अन्नसुरक्षा मानकात यासाठी चार तासांची मर्यादा आहे. मागच्या वर्षी रजिस्टरं उलगडून हे करताना ऑफिसमधला निम्मा स्टाफ गुंतला होता. आज ताईंनी एकटीने, चहा येण्याच्या आत सगळं काढलं. त्यात दोन खोकी कंटेनरमध्ये आणि बाकी चेंबरला, हेही निघालं. प्रत्यक्ष जाऊन मोजली, जुळली.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बागायतदाराच्या बाजूची वाटते. उद्या कुठे दोष निघाला तर तो नेमक्या प्लॉटपुरता दाखवता येईल. बाकीच्यांचा माल त्यात भरडला जाणार नाही.

२ एप्रिल

शेवटच्या गाड्या. काही बागांमध्ये हंगामानंतरची खरड छाटणी सुरू झाली आहे.

गाडीवानांसाठीचा फॉर्म काढून टाकला. मुकादमाच्या बटणाने ते काम होतंय, दोन ठिकाणी तेच कशाला. औषधांच्या यादीतला बदल करायचा अधिकार ताईंना, चेंबरची नावं आणि क्षमता बदलायचा दादांना, क्रेटचं वजन आणि पावतीचा मजकूर अप्पांना दिला. तिघांनी माझ्यासमोर एकेक बदल करून पाहिला. रोज रात्रीची प्रत ऑफिसच्या संगणकाबरोबरच बाहेरच्या सर्व्हरवरही जाते, ती उघडून तपासली.

पुढचं काम आता फील्डचं: छाटणी चालू असतानाच नवीन प्लॉटचे बोलीतलं नाव, बांधावरचा बिंदू आणि वाण यादीत घालायचे. पाऊस लागला की नाल्यापलीकडच्या बागांना गाडी जात नाही, म्हणून तिकडच्या आधी.